पोऱ्या सेटल शे का?

शहाद्याच्या कॉलेजात मी इंग्रजी स्पेशल घेऊन बी.ए. केलं. त्याचा उपयोग आयुष्यात एकदाच झाला. लोक उठता-बसता जो शब्द मला फेकून मारतात, त्याचे अर्थ डिक्शनरी काढून बघता आले. सेटल. क्रियापद. अर्थांची ही लांबलचक रांग. नव्या मुलखात वस्ती करणं. तंटा मिटवणं. ढवळलेल्या पाण्यातला गाळ तळाशी बसणं. पाखरानं फांदीवर टेकणं. उडालेली धूळ खाली बसणं. मी बोट ठेवून शेवटपर्यंत वाचत गेलो. पुण्यात टू बीएचके असणं हा अर्थ त्यात कुठं सापडला नाही. डिक्शनरी जुनी होती, म्हटलं असेल नव्या आवृत्तीत.

रडगाणं गाणारा शेतकरी मी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमचं गाव शहादा तालुक्यात, कळसाडीपासून जवळच. जमीन काळी, बोअरला पाणी, घर स्लॅबचं, दारात ट्रॅक्टर. केळी, पपई, ऊस, आणि आबांची हौस म्हणून थोडा कापूस. आबा म्हणजे माझे वडील, आता नाहीत. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं सकाळी उठून आपल्या बागेत जावं, घड मोजावेत, संध्याकाळी माय भाकरी वाढेल ती खावी आणि गाढ झोपावं. यापेक्षा जास्त बूड टेकवून माणसानं बसायचं तरी कुठं? पण नाही. माझ्याबद्दल कुणीही, कुठंही विचारू दे, प्रश्न एकच. ‘पोऱ्या सेटल शे का?’ आणि सांगणाराही मान हलवून सांगतो, ‘नही व्हयना आजून.’

लहानपणी हा शब्द मला आवडायचा, खोटं कशाला बोलू. आमच्या चुलतभावकीत बांधावरून जुंपली होती. दोन्हीकडच्या बायका एकमेकींच्या सात पिढ्या काढत होत्या. शेवटी पंच बसले, बांधावर दोन दगड रोवले, सगळ्यांनी चहा घेतला आणि आबा घरी येऊन म्हणाले, ‘मॅटर सेटल.’ त्या दिवशी घरात शिरा झाला. कितीतरी वर्षं तो शब्द ऐकला की मला तुपाचा वास यायचा.

मग तो धाकल्याच्या निमित्तानं घरात शिरला तो कायमचा. धाकला भाऊ हुशार. त्याला नाशिकला इंजिनिअरिंगला घालायचं ठरलं तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, बी.एड. करायचं डोक्यात होतं. आबांनी मला विहिरीपाशी बोलावलं. म्हणाले, ‘तू वावर देख. धाकला एकदा सेटल व्हई जाऊ दे, मंग तुन्हा लगीन धूमधडाकामा करूत.’ मी हो म्हणालो. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. मला वावर आवडत होतं, आणि थोरल्यानं हो म्हणायचं असतं.

धाकला सेटल झाला. पुणे, कंपनी, फ्लॅट, गाडी. आमच्यात थोरल्याचं लग्न झाल्याशिवाय धाकल्याला हळद लागत नाही. पण त्याला स्थळ असं आलं की आबा म्हणाले, थांबलो तर हातचं जाईल. मांडवात मी पंगती वाढल्या. बुंदीची बादली घेऊन फिरताना ओळीतल्या म्हाताऱ्या मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात एकमेकींना विचारत होत्या, थोरला बाकी आहे का अजून? निघताना धाकल्यानं मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, ‘दादा, आता तूपण सेटल हो.’ माझ्या हातात बादली होती, नाहीतर त्या दिवशी नवरदेवाच्या कानाखाली बसली असती.

त्यानंतर माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं. सांगतो तुम्हाला, जनावरांच्या बाजारात बैलाची जास्त इज्जत राखतात. त्याचे निदान दात तरी बघतात. माझ्याकडे कुणी वर मान करून बघितलंच नाही. मुलीचे बाप आधी विचारायचे, शेती किती? आकडा ऐकला की चेहरा फुलायचा. मग विचारायचे, मुलगा काय करतो? शेती करतो म्हटलं की फुललेला चेहरा तिथंच मिटायचा. शेती पाहिजे, शेतकरी नको. हे म्हणणारे बाप कोण? सगळे शेतकरी! स्वतः ढेकळं तुडवून मोठे झालेले. एकदा एका वधू-वर मेळाव्यात तर माईकवरून पुकारलं, सेटल मुलांनी पुढच्या रांगेत बसावं. मी आपसूक उठून मागं गेलो. मागच्या रांगा आधीच भरलेल्या होत्या. आमच्या पट्ट्यातली निम्मी केळी आणि सगळी पपई पिकवणारी पोरं तिथं कडक इस्त्रीचे शर्ट घालून बसली होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

आमच्याकडे सालदार आहे, म्हणजे वर्षभर बागेतच राहून काम करणारा माणूस. धडगावच्या बाजूचा, डोंगरातला, माझ्याच वयाचा. बायकोसह शेतातल्या खोलीत राहतो. त्यांच्या बोलीत सगळ्यांना तूच म्हणतात, मलाही. एकदा घड उतरवताना त्यानं विचारलं, ‘शेठ, तू बायको का नाही आणत?’

‘कुणी देत नाही.’

‘का? दारू पितो तू?’

‘नाही रे.’

‘मारतो?’

‘अरे, बायकोच नाही तर मारू कुणाला?’

त्यानं बागेकडे बघितलं, ट्रॅक्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्याला काय सांगणार, की मी सेटल नाही? हाच माणूस मागं दर वर्षी ऊसतोडीला गुजरातेत जायचा, पाचटाच्या खोपीत राहायचा, आणि लग्न विसाव्या वर्षी झालेलं. तो म्हणाला, ‘मग तुझ्यातच काही खोट असेल,’ आणि पुढचा घड कापायला गेला. मला राग आला नाही. निदान त्यानं कारण माझ्यात तरी शोधलं.

मधे एका मुलीनं मला सरळ विचारलं होतं, ‘तुम्ही गावाकडेच राहणार का?’ मी म्हटलं, ‘हो, जाऊ कुठं?’ चहाचे कप उचलायच्या आत नकार आला. ते ऐकून मामा खवळले. मामा म्हणजे मायचे भाऊ, पोस्टातून रिटायर, नंदुरबारला राहतात, आणि अर्ध्या जिल्ह्यातली लग्नं आपणच जमवली असं समजतात. म्हणाले, ‘गाढवा, पोरी ती परीक्षा घेतात. गावाकडे येणार का, राहणार का, असं कुणी विचारलं की समजायचं, आपण हो म्हणायची ती वाट बघते आहे. हो म्हटलं की खलास.’ हा धडा त्यांनी माझ्याकडून घोकून घेतला. मी ऐकून घेतला, कारण तोवर नऊ नकार झाले होते आणि आबा अंथरुणाला खिळले होते. माय रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून म्हणायची, ‘मन्हा पोऱ्यामा काय कमी शे?’ आबा भिंतीकडे बघायचे. त्यांच्या डोळ्यांदेखत माझी हळद व्हावी, एवढंच आता मला हवं होतं. स्वतःला मी केव्हाच हिशेबातून काढून टाकलं होतं, असं तेव्हा वाटायचं.

मग मामांनी नवा बायोडाटा छापून आणला. त्यात मी पुण्याला प्रायव्हेट कंपनीत होतो. धाकल्याचा फ्लॅट माझाही होता. शेती होती, ‘बागायती, माणसाकडे दिलेली.’ मी म्हटलं, ‘मामा, हे पचायचं नाही.’ मामा म्हणाले, लग्नानंतर कोण विचारतं, नांदायला लागली की रमते. धाकल्याला फोन केला. तो म्हणाला, ‘दादा, करून टाक. सगळेच करतात.’ आणि हे खरं होतं. आमच्याकडे त्या वर्षात दोन पोरांचे विवाह असेच झाले होते. लग्नाच्या आधी नोकरी लागायची आणि सत्यनारायणाच्या आत सुटायची.

सगळ्यात अडचण आली ती माझ्या हातांची. केळीचा चीक ज्यानं पाहिला नाही त्याला हे कळायचं नाही. घड कापला की जो चीक गळतो तो कातडीत मुरतो आणि काळा पडतो. कपड्यावरचा डाग कपडा फाटेपर्यंत जात नाही. माझी नखं, बोटांच्या पेरांच्या रेघा, तळवे, सगळं वीस वर्षांचं काळं. मामांनी मला पंधरा दिवस बागेत जायला बंदी केली. रोज सकाळी लिंबू आणि सोडा घेऊन माय माझे हात चोळत बसायची. लहान पोराचे चोळावेत तसे. पंधरा दिवसांनी हात गोरे झाले नाहीत, नुसते सोलपटले. मामा म्हणाले, चालेल, खिशात ठेव.

मुलीचं गाव तापीकाठचं. घर आमच्यासारखंच, ओसरीत पंपाचे पाइप, कोपऱ्यात खताच्या रिकाम्या गोण्या. मुलगी ॲग्रीचा डिप्लोमा केलेली, घरामागं शेडनेट टाकून नर्सरी चालवायची, मिरचीची आणि पपईची रोपं. आधी बरीच स्थळं तिनंच नाकारली होती म्हणे. का, ते मामांनी विचारलं नाही आणि मीही नाही. मामांनी गाडीतच बजावलं होतं, ‘तू फक्त गप बठ. मी बोलस.’ पोहे आले, चहा आला. मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो, त्यामुळे पोहे थंड झाले. मुलीचा बाप सज्जन माणूस. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाला, ‘औंदा केळीले करपानी पार वाट लाई दिनी.’

आणि मी तोंड उघडलं. काय करू, पंधरा दिवस बागेचं तोंड पाहिलं नव्हतं. म्हटलं, खालची रोगट पानं आधी काढून वावराबाहेर नेऊन जाळा, बागेतच पडू देऊ नका. बुंध्याशी फुटलेली पिलं वेळेवर काढा, हवा खेळू द्या. आणि फवारणीत स्टिकर टाकता का? केळीचं पान मेणचट असतं, स्टिकरशिवाय औषध ठरतच नाही, घसरून जातं. बोलता बोलता हात मांडीखालून निघाले आणि पान कसं कापायचं ते हवेत दाखवायला लागले. मामा मोठ्यांदा खोकले आणि म्हणाले, ‘मोबाइलवर वाचत असतो तो. फार आवड आहे.’ मी हात खिशात घातले. आतल्या दारात मुलगी उभी होती आणि ओठ दाबून हसत होती.

त्या हसण्याचं काय सांगू. दहा ठिकाणी जाऊन बसलो होतो, मला बघून कुणी हसलं नव्हतं. मला ती फार आवडली. एवढंच लिहितो, जास्त लिहायला मला येत नाही.

मग कुणीतरी म्हणालं, पोरापोरीला बोलू द्या पाच मिनिटं. आम्ही गच्चीवर गेलो. तिथं अर्ध्या गच्चीभर लाल मिरची वाळत घातली होती. ती कडेकडेनं चालत हातानं मिरची परतत होती आणि मी कठड्याला टेकून उभा होतो. जिन्यात मामा उभे होते, त्यांची चप्पल दिसत होती.

ती म्हणाली, ‘पुण्याला कंपनीत आहात ना?’

‘हो.’

‘मग इकडची शेती कोण बघतं?’

‘एक माणूस आहे. तो बघतो.’

‘चांगला आहे?’

‘कामाला चांगला आहे,’ मी म्हणालो.

स्वतःबद्दल मी कुणापाशी काढलेले ते पहिले चांगले शब्द. ते असे, घरगड्याबद्दल सांगावेत तसे.

तिनं मिरचीचा आणखी एक पट्टा परतला. मग हातातली मिरची खाली ठेवून सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, ‘स्पष्ट विचारते, रागावू नका. गावाकडे परत यायचा तुमचा काही विचार आहे का?’

हाच तो प्रश्न. मामांनी घोकून घेतलेला. जिन्यातली चप्पल हलली. मला आठवतं, त्या क्षणी माझ्या जिभेवर खरं आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. म्हणावं, बाई, कुठला आलाय पुण्याचा घोडा, मी इथंच असतो, चार कोसांवर, रोज सकाळी सहाला बागेत. पण नऊ नकार, आबांची भिंतीकडे वळलेली मान, मायनं चोळलेले हात. परीक्षा आहे, मी मनात म्हटलं, या वेळी पास व्हायचं. आणि मी छाती काढून म्हणालो, ‘छे छे. पुण्यातच सेटल आहे मी. गावाशी आता काही संबंध राहिला नाही.’

आयुष्यभर दुसऱ्यांनी माझ्याबद्दल वापरलेला तो शब्द मी स्वतःबद्दल पहिल्यांदा वापरला. बोलायला किती सोपा होता.

‘बरं,’ ती म्हणाली. आणि परत मिरची परतायला लागली. मला वाटलं, जमलं. जिना उतरताना मामांनी माझी पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी मामांचा फोन आला. ‘पोर नही म्हणनी.’ बाप तयार होता, आई तयार होती, मुलीनंच नाही म्हटलं. मामांचा अंदाज असा की याहून सेटल स्थळ आलं असणार, परदेशाचं वगैरे. माय म्हणाली, हात दिसले असतील. धाकला म्हणाला, ‘दादा, आजकालच्या मुलींच्या एक्स्पेक्टेशन फार वाढल्या आहेत.’ आबा पुढं महिन्याभरात गेलेच.

सहा-सात महिन्यांनी ड्रिपचे पाइप आणायला शहाद्याला गेलो होतो. दुकानदार बोलका. बोलण्यात तिच्या गावचा विषय निघाला आणि त्यानं आपणहून सांगितलं. त्या नर्सरीवाल्या पोरीचं लग्न झालं. पलीकडच्याच गावात. मुलगा काय करतो, मी विचारलं. ‘काय करतो म्हणजे? वावर करतो. पाच एकर आहे. तिची अटच होती ना, नर्सरी सोडायची नाही. म्हणून तर बाहेरची स्थळं सगळी परत पाठवायची ती. बापाला म्हणायची, मला इथलाच पाहा, मातीत हात घालणारा.’ दुकानदार हसला. ‘येडी. एवढं शिकून.’

मी पाइप घेतले. ते ट्रॉलीत टाकले. ट्रॅक्टर चालू केला आणि रस्त्याला लागल्यावर मला एवढं रडू आलं की समोरचा रस्ता दिसेना. कुणावर चिडू? मामांवर चिडलो, दोन वर्षं त्यांच्याशी धड बोललो नाही. धाकल्यावर चिडलो. मेलेल्या आबांवरही चिडलो, देव मला क्षमा करो. पण गच्चीवर तोंड माझं होतं. मामांची नुसती चप्पल होती. नऊ बापांनी माझ्या वावराला नाव ठेवलं तेव्हा मला राग यायचा, आणि जिला ते वावरच हवं होतं, तिच्यासमोर मीच त्याच्याशी संबंध तोडून मोकळा झालो. हे मी आजवर मायलाही सांगितलेलं नाही. ती अजून समजते, तिच्या लिंबू चोळण्यात काही कमी राहिलं.

गेल्या साली पपई लावायची होती. रोपांचे फार वाईट अनुभव येतात, अर्धी रोपं व्हायरसमध्ये जातात. ज्याला विचारावं तो म्हणायचा, रोपं घ्यायची तर तापीकाठच्या त्या ताईंच्याच नर्सरीत घ्या. मी टाळलं. सालदाराला पाठवतो म्हटलं, तर नेमका त्याच आठवड्यात तो सणाला डोंगरात गेला. शेवटी पिकअप काढली आणि गेलो. आदल्या दिवशीच घड उतरवले होते.

शेडनेट आता दुप्पट झालं होतं. ती टेबलापाशी वहीत लिहीत होती, गळ्यात मंगळसूत्र, ओढणी कमरेला खोचलेली. आत तिचा नवरा गुडघे टेकून ट्रे मांडत होता. त्याचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते. तिनं मला लगेच ओळखलं. गाव विचारलं नाही, आधीच लिहिलं. किती रोपं, कोणती जात, एवढंच विचारलं. मी खुणेनं जात दाखवायला यादीवर बोट ठेवलं. तेव्हा तिनं माझे हात बघितले. काळी नखं, काळ्या रेघा, पेरांवर कालचा ताजा चीक. तिनं ते बराच वेळ बघितले. मग वर माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की तो मला बघवेना. मी हात मागं घेतला, पण आता कोंबडं झाकून काय उपयोग.

तिच्या नवऱ्यानं ट्रे पिकअपमध्ये चढवले. मीही चढवायला लागलो, तर म्हणाला, ‘राहू द्या भाऊ, कपडे खराब होतील.’ मी चढवत राहिलो. सगळं झाल्यावर ती गाडीपाशी आली. म्हणाली, ‘नांग्या भरायला वीस रोपं जास्तीची टाकली आहेत. थोडी मरतातच, त्यांच्या जागी लावा.’

‘बरं.’

मी दार लावलं. ती तिथंच उभी होती. मग काचेजवळ वाकून हळू आवाजात म्हणाली, ‘तुमच्या त्या माणसाला सांगा, पाणी बेतानं दे म्हणावं. बुडाशी साचू देऊ नको.’

खरं बोलायची ती दुसरी संधी होती, आणि जिन्यात कुणी उभं नव्हतं.

‘सांगतो,’ मी म्हणालो, आणि पिकअप चालू केली.